दारावरचा लाल नॅपकिन

५ फेब्रुवारी

सूनबाईस,

आशीर्वाद द्यायचे की नाही ते पत्राच्या शेवटी ठरवते. आधी कामाचं.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर आपण दोघी दोन वाक्यं नीट बोलतो आणि तिसऱ्याला भांडण होतं. शिवाय या घराच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. मी इकडे कूस बदलली की तुझ्या नवऱ्याला तिकडे कळतं, आणि त्याने खुर्ची सरकवली की मला. आता तो काय करतोय ते मी न बघता सांगू शकते. चाकं घरंगळली, म्हणजे उठला. टकटक थांबली, म्हणजे बोटं मोडतोय. खोकला, म्हणजे साहेब ओरडलाय. अशा घरात मी त्याच्या बायकोला फोन करून 'कधी येतेस' कसं विचारणार? म्हणून कागद. मी चौथी पास आहे, तीही मास्तर कंटाळले म्हणून. चुका दिसल्या तर गप वाचायचं.

तुला जाऊन आज बावन्न दिवस झाले. मोजत नव्हते. कॅलेंडर डोळ्यासमोरच टांगलंय.

जाताना मी तुला म्हणाले होते, उंबरा ओलांडलास तर परत पाय ठेवू नकोस. नंतर बघितलं तर या फ्लॅटला उंबराच नाही. एक पितळी पट्टी आहे, तीही एका बाजूने उचकटलेली. तेव्हा ते बोलणं धरू नकोस. माफी मागत नाहीये, घराची रचना सांगतेय.

त्या संध्याकाळी तू पुलावर दोन तास अडकलीस आणि ठकी पाळणाघराच्या फाटकाशी, बूट-दप्तरासकट, खुर्चीवर झोपलेली सापडली, हे मी विसरले नाही. पोरीच्या गालावर दप्तराच्या बकलाचा ठसा उठला होता. तुझं काम लोकांचं रक्त काढून तपासायचं. ते घरी बसून होत नाही. लोक काही आपलं रक्त पाकिटात घालून पाठवणार नाहीत. मग तू दवाखान्याजवळ दोन खोल्या घेतल्यास, यात वेड्यासारखं काय आहे? काही नाही. पण त्या दिवशी मी हे म्हणाले नाही. त्या दिवशी मी त्याची आई होते.

इकडचं विचारशील तर सहाव्या बिल्डिंगीला रंग लागला. म्हणजे आता हजार घरं, आणि बाहेर पडायला तोच एक रस्ता आणि तोच एक पूल, ज्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला पोट आत ओढावं लागतं. बिल्डरच्या पुस्तकात छापलं होतं, 'शहर फक्त पंचवीस मिनिटांवर.' समोरचे ड्रायव्हरभाऊ म्हणतात, "ताई, ते खोटं नाही. पंचवीस मिनिटंच लागतात. पूल ओलांडायला." तीस वर्षं बस चालवली त्यांनी. आता बस नाही, म्हणून गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या चालवतात. 'अरे घे ना डावीकडे, गाढवा,' असं अकराव्या मजल्यावरून सांगतात. रस्त्याचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे. सहा ते साडेनऊ तुंबलेला. मग बारापर्यंत इतका मोकळा की पुलाच्या मधोमध एक पिवळं कुत्रं येऊन झोपतं. बाराला शाळेच्या बसा सुटल्या की कुत्रं उठतं आणि परत सगळं तुंबतं.

आता खरी तक्रार. तुझ्या नवऱ्याने मला माझ्याच घरात मुकी केलंय. झालं असं, तू गेल्यावर तो त्या खोलीत शिरला तो जवळजवळ निघालाच नाही. दोन दिवस तोच शर्ट, जेवणाचं ताट तसंच परत. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी नुकतंच न्हाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, तशीच दार ढकलून आत गेले आणि म्हणाले, "वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चड्डी! बायको गेली ती तुझी लाज पण घेऊन गेली का?"

समोरच्या पडद्यावर चौदा डोकी होती. चौदाच्या चौदा ऐकत होती. एक बाई तोंडावर हात धरून हसली. साहेब म्हणाला, "आईंना नमस्कार सांगा." तुझा नवरा कानापर्यंत लाल झाला आणि काहीतरी दाबून सगळं बंद केलं. संध्याकाळी मला म्हणाला, "आई, तुझ्या पाया पडतो. दारावर लाल नॅपकिन दिसला की आत यायचं नाही, दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. काम झालं की मी स्वतः काढेन."

मी म्हणाले, "बरं. आता घराला आग लागली तरी वाजवणार नाही. जळालास तर राख झाडून काढीन."

तो हसला नाही. मीही नाही.

तेव्हापासून रोज सकाळी पावणेदहाला दाराच्या मुठीला नॅपकिन लागतो, साडेबाराला निघतो, मी ताट ठेवते, तो परत लागतो. शब्दाची मी पक्की आहे हे तुला माहीत आहे.

तू परत येशील का, एवढंच विचारायचं होतं. दोन पानं झाली.

आशीर्वाद ठकीला. उरले तर तुला.

सासू


२७ फेब्रुवारी

सूनबाईस,

पत्र मिळालं. तुझं अक्षर म्हणजे डॉक्टरांबरोबर राहून बिघडलेलं. ड्रायव्हरभाऊंकडून वाचून घेतलं असतं, पण पहिल्याच ओळीत माझ्यावर टोमणा होता, म्हणून भिंग घेऊन स्वतः वाचलं.

तू म्हणतेस, मी परत येणार नाही, तुम्ही दोघं इकडे या. त्याचं काम काय, जिथे टेबल तिथे ऑफिस. हे मी जेवताना त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "दोन खोल्यांत मी बसू कुठे? ओट्यावर?" मी म्हणाले, "इथे तीन खोल्या आहेत, तू बसतोस एकीतच." तो ताट घेऊन त्या खोलीत गेला. या घरासाठी त्याने बारा वर्षं घालवली, सूनबाई. ते सोडून जाणं म्हणजे आपण फसलो हे कबूल करणं. माणसं एकवेळ चोरी कबूल करतील, फसलो म्हणून करणार नाहीत.

आता एक गंमत. ज्या घरबसल्या कामाच्या भरवशावर हजार माणसांनी इथे येऊन घरं घेतली, ते काम आता घरबसल्या नको झालंय. ऑफिसने कळवलं, आठवड्यातून दोन दिवस तोंड दाखवा. तो मंगळवारी आणि गुरुवारी साडेपाचला निघतो. परत येतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून मी काही बोलत नाही. मी. आणि तिथे जाऊन करतो काय? तर एका खोलीत बसून त्याच पडद्यावर त्याच चौदा माणसांशी बोलतो. मी विचारलं, "मग गेलास कशाला?" म्हणाला, "हजेरी."

छातीत जळजळतं म्हणतो. गाडीत बसून बसून होत असेल. गोळी घेतो, इथे मधे हाताने चोळत बसतो. तुला सांगू नकोस म्हणाला, म्हणून सांगतेय. पित्तच आहे. त्याच्या बापालाही असंच व्हायचं.

माझं ऐक. 'बघू', 'ठरवू' यात त्याचं आयुष्य जाईल. त्याला दिवस नेमून दे. हो किंवा नाही, अमक्या दिवशी सांग. सोमवारी विचार, सोमवारी घरी असतो आणि रविवारची झोप झालेली असते. मी सांगितलं हे त्याला सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम उलटं करेल. माझाच मुलगा आहे.

ठकीला दात पडला ते तू लिहिलंस. ठेवलास का टाकलास ते लिहिलं नाहीस.

आशीर्वाद या वेळी दोघींना.

सासू


२४ मार्च

सूनबाईस,

माझा मुलगा गेला त्याला आज चौदा दिवस. तू आठ दिवस राहिलीस, घर आवरलंस, माझ्या औषधांच्या डब्या भरून ठेवल्यास. जाताना पट्टीवर अडखळलीस. ती मी ड्रायव्हरभाऊंकडून ठोकून घेतली.

'आई, चला आमच्याबरोबर' असं तू तीनदा म्हणालीस. मी म्हणाले कुंड्या आहेत. कुंडी एकच आहे आणि तीही तू बघितलीस. जाताना तिला पाणी घालून गेलीस.

दारात तू विचारलंस, नक्की किती वाजता पडला. बारा चाळीस. डॉक्टरच्या कागदावरही तेच आहे. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. पडला, मी दार उघडलं, ड्रायव्हरभाऊंना हाक मारली, त्यांनी फोन केला. ॲम्ब्युलन्स पुलावर पन्नास मिनिटं उभी होती. आम्हाला गॅलरीतून तिचा दिवा दिसत होता. ड्रायव्हरभाऊ सांगत होते, "पुलावर आली, ताई." मग परत, "पुलावरच आहे." मग सांगायचे थांबले.

मी इथे बरी आहे.

सासू


१६ एप्रिल

सूनबाईस,

तू दर रविवारी ठकीला फोनवर देतेस. ती विचारते, "आजी, तू आमच्याकडे कधी येणार?" हे तिला कोण शिकवतं ते मला कळतं. शिकवू नकोस.

इथे तुझ्या नवऱ्याचा फलक लागलाय, फाटकाच्या वर, दोन माणसांइतका उंच. 'रस्त्याने घेतला बळी.' फोटो तुमच्या दोघांचा होता त्यातला घेतला. तुला कापली, पण खांद्यावर तुझी चार बोटं राहिली. मी भाजी आणायला जाते तेव्हा मान वर करत नाही. ती बोटं मात्र दिसतातच.

सोसायटीची मंडळी आली होती. सेक्रेटरी म्हणाला, "आजी, तुमच्या मुलाचं जाणं फुकट जाऊ देणार नाही." मी म्हणाले, "मग कशाला वापरणार?" त्याला ते लागलं. पण खरंच वापरलं. अडीचशे माणसं पुलावर जाऊन बसली, पेपरवाले आले, माझ्या तोंडासमोर दांडकं धरलं. "आजी, ॲम्ब्युलन्स वेळेत आली असती तर?" मी म्हणाले, "तर काय?" बाजूच्या बाईने माझ्या वतीने रडून दाखवलं. परवा इंजिनिअर येऊन पुलावर पांढऱ्या रेघा मारून गेले. रुंद होणार म्हणतात. आणि रुंद होणार म्हटल्यावर बिल्डरने पलीकडच्या जागेत आणखी आठ बिल्डिंगांची पाटी लावली. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "ताई, दुसरा पूल मागायला आता आणखी कोणीतरी मरायला लागेल." मग जीभ चावली बिचाऱ्याने.

त्याचा साहेबही येऊन गेला. चांगला माणूस आहे, बूट बाहेर काढून आला. म्हणाला, "आजी, आम्हाला वाटलं तो मीटिंगमध्येच आहे. त्याच्या नावाजवळ हिरवा ठिपका होता. आवाज बंद होता, कॅमेरा बंद होता, पण तो असतोच बऱ्याचदा. एकदा हाक मारली, उत्तर आलं नाही, वाटलं नेट गेलं असेल." आणि डोळे पुसायला लागला. मी त्याला पाणी दिलं. किती वाजता हाक मारली, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. दोघंही पाणी प्यायलो.

आता तुझ्या पत्राबद्दल. त्यातली एकच ओळ मी परत परत वाचली. त्या सोमवारी तू त्याला विचारलं होतंस, येणार की नाही, आज सांग. नऊ बेचाळीसला त्याचा निरोप आला, 'साडेदहाला मीटिंग संपली की फोन करतो.' आणि फोन आला नाही. बारा चाळीसपर्यंत दोन तास त्याच्या हातात होते, असं तू लिहितेस, आणि त्याने केला नाही, म्हणजे त्याचं उत्तर नाही होतं. तुला सांगण्याएवढंही त्याला वाटलं नाही. आणि तू रागाने स्वतःहून फोन केला नाहीस, म्हणून आता नळाखाली हात धरून उभी राहतेस आणि पाणी वाहून जातं.

त्याच्या मनात काय होतं, मी काय सांगू? मी काय त्याच्या डोक्यात बसले होते?

दुसरंही तू लिहिलंस. 'मी तिथे असते तर मीटिंग असो नाहीतर काही असो, खुर्चीचा आवाज आल्याबरोबर दार उघडलं असतं.' उघडलं असतंस. माहीत आहे मला.

पुलाच्या सभेत बोलायला तुला बोलावलंय म्हणे. जाऊ नकोस. ऊन फार आहे.

सासू


९ मे

सूनबाईस,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फाडली. त्यात मी फार रडले होते, आणि रडणाऱ्याचं कोणी नीट ऐकत नाही, पाणी आणायला धावतात.

तो बारा चाळीसला पडला नाही. दहाला दहा कमी असताना पडला.

मी गॅलरीत शेंगा निवडत बसले होते. आतून आवाज आला. खुर्ची सरकल्याचा नाही, तो मला पाठ आहे, उलटल्याचा. आणि पाठोपाठ काहीतरी जड. मी उठले, दारापर्यंत गेले. नॅपकिन होता. आत त्याच्या ऑफिसातली माणसं बोलत होती, कोणीतरी बाई हसत होती. तीच असेल, तोंडावर हात धरणारी. मी वाजवायला हात वर केला. हे खोटं नाही, केला होता. मग मला ती चौदा डोकी आठवली आणि त्याचा तो लाल झालेला चेहरा, आणि त्याने आपल्या आईला घातलेला नियम. आणि मी म्हटलं होतं की आग लागली तरी वाजवणार नाही.

मी हात खाली घेतला. दाराशी तोंड नेऊन म्हणाले, "पड अजून. खुर्चीला चाकं कशाला हवीत? आता ऊठ आपला आपण."

हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

मग फरशीवर टाच घासल्याचा आवाज आला. दोनदा. मला वाटलं, माझं ऐकून रागाने पाय आपटतोय. 'माज बघा,' असं मी स्वतःशी म्हणाले आणि शेंगांकडे परत गेले.

त्यानंतर मी काय काय केलं ते लिहिते, म्हणजे तुला पुढे विचारत बसायला नको. शेंगा पूर्ण निवडल्या. चहा करून प्यायले. दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या, त्यात त्याचा इस्त्रीचा शर्ट होता. एकदा दारावरून जाताना थांबले. आत माणसं बोलतच होती, म्हटलं मीटिंग चालू आहे. टकटक नव्हती. बोटं मोडल्याचा आवाज नव्हता. खोकला नव्हता. पुठ्ठ्याच्या भिंतीचं हे घर तीन तास गप्प होतं, आणि मी, जिला त्याचं सगळं न बघता कळतं, ती म्हणत होते की रुसलाय. आता बघू किती रुसतो. माझ्यावरच गेलाय, संध्याकाळपर्यंत ओढेल.

साडेबाराला तो नॅपकिन स्वतः काढतो. काढला नाही. मी ताट वाढून दहा मिनिटं स्वयंपाकघरात उभी राहिले. तीन तासांना हट्ट म्हण, अडाणीपणा म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण त्या दहा मिनिटांत मला माहीत होतं. दार उघडलं की ते खरं होणार, म्हणून उभी होते. भाजी निवून गेली.

मग उघडलं. तो टेबलाच्या पायाशी होता. पडद्यावर माणसं अजून बोलत होती, साडेदहाला संपायची ती मीटिंग लांबतच गेली होती. मी हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही, कारण त्याचा आवाज बंद होता.

डॉक्टरने विचारलं, "कधी पडले?" मी म्हणाले, "आत्ताच." ठरवून नाही म्हणाले. तोंडातून गेलं. मग ते कागदावर गेलं, मग पेपरात, मग फलकावर. डॉक्टर म्हणाले, "पहिला तास महत्त्वाचा असतो, आजी. रस्त्याने घात केला."

सूनबाई, दहाला दहा कमी असताना रस्ता मोकळा होता. ड्रायव्हरभाऊंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा दहाला ॲम्ब्युलन्स बोलावली असती तर? ते म्हणाले, "दहाला? बारा मिनिटांत खाली उभी असती, ताई. पण तो पडला बाराला, काय करणार. नशीब." त्यांना विचारायची तरी काय गरज होती? शेंगा निवडताना मी त्या पुलाकडेच बघत होते. पिवळं कुत्रं मधोमध झोपलेलं होतं. पाय पसरून.

अडीचशे माणसं ज्या रस्त्याला शिव्या घालत बसली, तो रस्ता त्या दिवशी त्या वेळेला रिकामा होता. मी मात्र घरात होते.

आता तुझं. साडेदहाला त्याचा फोन आला नाही, कारण तेव्हा तो जमिनीवर होता. तुझ्यावर रागावून बसला नव्हता. नाही म्हणायचं टाळत नव्हता. तुझ्या हिशोबातले ते दोन तास त्याला मिळालेच नाहीत, ते माझ्याकडे होते.

आणि आणखी एक मी दाबून ठेवलं. आदल्या दिवशी, रविवारी, त्याने टेप घेऊन ते टेबल मोजलं. मग माझ्या खोलीत येऊन विचारलं, "आई, तुझ्या पलंगाची घडी होते का?" मी म्हणाले, "माझी होते, पलंगाची नाही." तो हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. त्याने मापं लिहिली तो कागद टेबलाच्या खणात होता, तो या पत्रात घातलाय. त्याचं अक्षर तुला ओळखू येईल. वर टेबलाची लांबी-रुंदी आहे, मग माझ्या पलंगाची, आणि खाली लिहिलंय, 'ठकीच्या खिडकीखाली बसेल?'

म्हणजे तुला द्यायचं उत्तर 'हो' होतं. साडेदहाला तो तेच सांगणार होता. हा कागद मी दोन महिने दिला नाही, कारण तो दिला असता तर तू विचारलं असतंस, मग फोन का केला नाही, आणि मला हे लिहावं लागलं असतं. ठकी दर रविवारी कधी येतेस विचारते ते मला हवं होतं. तेवढ्यासाठी मी तुला नळाखाली उभी ठेवली.

तू म्हणशील, आधीच सांगितलं असतं तर? तर काय, हे रविवार आधीच गेले असते.

फलकाचं काय करायचं ते तू ठरव. सांगितलंस तर पूल अडेल आणि हजार घरं तुला शिव्या देतील. नाही सांगितलंस तर पूल त्याच्या नावावर रुंद होईल आणि आणखी आठ बिल्डिंगांतली माणसं त्यावर येऊन तुंबतील. मला त्यातलं काहीच नको. सभेला गेलीस तर माझं नाव घे, मी हो म्हणेन.

मला न्यायला येऊ नकोस. हे मी मानाने म्हणत नाही. मान होता तो त्या दाराशी उभा राहिला तेवढाच. तुझ्या दोन खोल्यांत मी बसले असताना आत काही पडलं, तर तू आधी माझ्याकडे बघशील. ते मला बघवणार नाही, आणि तुलाही रोज बघायला लागू नये. ठकी मोठी झाल्यावर तिला सांग. कमी करून सांगू नकोस.

नॅपकिन अजून दाराला आहे. 'मी स्वतः काढेन' म्हणाला होता.

ड्रायव्हरभाऊ उद्या शहरात जाणार आहेत, त्यांच्याकडे हे पत्र देतेय. तिकडच्या पेटीत टाकतील, तरी मंगळवारपर्यंत तुला मिळणार नाही. मधे रविवार आहे. नेहमीसारखा तुझा फोन येईल, तू विचारशील औषधं घेतली का, आणि ठकीला देशील. ती विचारेल, आजी, कधी येणार. मी म्हणेन, बघू.

तेवढा एक रविवार मी घेतेय. तुला न विचारता.

सासू